औषधी पानांसाठी सौर ड्रायर : आधी हवेची वाट, मग उष्णता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुळस, अडुळसा आणि शेवगा यांची मिळून साधारण ५ किलो पाने तुम्ही एका खेपेला तोडता. उघड्या उन्हात ती पिवळी पडतात आणि सावलीत पसरली तर तीन-चार दिवसांत काळपट होऊन त्यांना कुबट वास येतो. म्हणून एक लाकडी पेटी आतून काळी रंगवून तिच्यावर काच बसवायची, असे तुम्ही ठरवले आहे. काच किती जाडीची घ्यावी आणि आतले तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत कसे न्यावे, एवढे तुम्हाला हवे आहे.

काचेचे उत्तर सोपे आहे. खिडकीची साधी ४ मिलिमीटरची काच पुरते. मात्र ७० अंशांचे उद्दिष्ट तुम्ही सोडून द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. उघड्या उन्हात पाने खराब होतात ती मुख्यतः प्रकाशाने, आणि सावलीत खराब होतात ती ओलावा वेळेवर निघून न गेल्याने. यांतल्या कोणत्याच दुखण्यावर प्रखर उष्णता हा उपाय नाही. तुम्हाला खरी गरज आहे ती अंधारात ठेवलेल्या पानांवरून कोमट, कोरडी हवा सतत वाहती ठेवण्याची. ड्रायरची सगळी रचना त्या वाहत्या हवेभोवती करावी लागते.

मी बांधलेली पहिली पेटी अगदी तुमच्या मनात आहे तशीच होती. वर काच, आत काळा रंग आणि पुढे-मागे बोटभर रुंदीची चार-चार भोके. दोन तासांत थर्मामीटर ६५ अंशांवर गेला आणि काम फत्ते झाले असे मला वाटले. काच उचलली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब लोंबत होते. तुळशीची वरची पाने तपकिरी होऊन हाताखाली चुरत होती, आणि तळातली पाने शिजवल्यासारखी मऊ, काळपट हिरवी झाली होती व बोटाला चिकटत होती. पाणी पानांतून बाहेर पडले होते, पण पेटीतून बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. आसपास तुळशीचा घमघमाट सुटला होता. जे सुगंधी तेल पानात राहायला हवे होते ते हवेत उडून चालले होते, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

उष्णतेचे खरे काम काय, हे एकदा नीट समजून घेतले की पुढचे निर्णय आपोआप सुचतात. समजा बाहेरची हवा ३० अंशांची आहे आणि तिची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे, म्हणजे त्या तापमानाला तिच्यात जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावते त्याच्या ७० टक्के बाष्प तिच्यात आहे. ही हवा पानांतले पाणी फारसे ओढून घेत नाही. तीच हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिच्यात तेवढेच बाष्प असूनही सापेक्ष आर्द्रता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ती तहानलेली होते. म्हणजे आपण पान तापवत नाही, हवा कोरडी करतो. मात्र ही हवा पानांवरून जाताना लवकरच ओली होते आणि थंडही होते. ती पुढे सरकली नाही आणि तिच्या जागी नवी हवा आली नाही, तर वाळवण थांबते, मग थर्मामीटर काहीही दाखवो.

आता तुमच्या ५ किलो पानांचा हिशोब करू. ताज्या पानांत ८० टक्के पाणी धरले, तर त्यात ४ किलो पाणी आणि १ किलो कोरडा भाग असतो. शेवटी १० टक्के ओलावा ठेवायचा असेल, तर तयार पाला सुमारे १.१ किलो भरेल आणि ३.९ किलो पाणी काढावे लागेल. एक किलो पाण्याची वाफ व्हायला या तापमानाला जवळजवळ २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण ९.४ मेगाज्यूल. स्वच्छ उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे १८ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत ५ युनिट ऊर्जा पडते, असे धरू. घरी बांधलेला नीटनेटका ड्रायर त्यातला साधारण चौथा हिस्सा पाणी काढण्यासाठी वापरतो. त्यामुळे एका दिवसात ही पाने वाळवायची तर ऊन झेलणारा पृष्ठभाग २ चौरस मीटरच्या आसपास हवा.

हवेचा हिशोब सहसा कोणी करत नाही, पण माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. वरच्या उदाहरणातली ४५ अंशांची हवा पानांवरून जाऊन ३६ अंशांपर्यंत थंड होते, तेव्हा दर किलो हवेमागे ती जेमतेम ४ ग्रॅम पाणी उचलते. म्हणजे ३.९ किलो पाणी नेण्यासाठी सुमारे १००० किलो हवा लागते. तिचे आकारमान ९०० घनमीटरांच्या घरात जाते, आणि दिवसाचे ८ तास धरले तर तासाला ११० घनमीटर हवा वाहिली पाहिजे. पानांची पेटी अर्ध्या घनमीटरची असेल, तर तिच्यातली सगळी हवा दर मिनिटाला तीन-चार वेळा बदलायला हवी. बोटभर भोकांतून हे होणे शक्य नाही, आणि माझ्या पहिल्या पेटीत नेमके तेच अडले होते.

म्हणून तुमच्यासाठी मी ऊन झेलणारी पेटी आणि पाने ठेवण्याची पेटी वेगळ्या ठेवायला सुचवीन. पहिली पेटी हवा तापवते आणि दुसऱ्या, पूर्ण अंधाऱ्या पेटीत पाने वाळतात. काचेखाली थेट पाने पसरणारी रचना स्वस्त असते आणि बांधायला सोपी असते. काही मुळांसाठी आणि सालींसाठी ती चालतेही, पण पानांसाठी मला ती मान्य नाही. काच अतिनील किरणांचा काही भाग अडवते हे खरे असले तरी दृश्य प्रकाश ती जवळजवळ पूर्ण आत सोडते. हरितद्रव्य फिके पडण्यास आणि शेवग्याच्या पानांतले कॅरोटीन नष्ट होण्यास तेवढा प्रकाश पुरेसा असतो.

हवा तापवणारी पेटी १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब घ्यावी. वर काच, तिच्याखाली ८ ते १० सेंटिमीटरची पोकळी आणि मध्ये बिनचमक काळा रंग दिलेला पन्हळी पत्रा ठेवावा. पत्र्याच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा जाऊ दिली तर पत्र्याची उष्णता हवेला अधिक चांगली मिळते आणि काचेतून वाया जाणारी उष्णता कमी होते. तळाशी आणि बाजूंना ४-५ सेंटिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर हवा. दगडी लोकर चांगली. कोरडा भुसा घट्ट भरला तरी चालतो, फक्त त्यात पाणी आणि उंदीर शिरणार नाहीत अशी बांधणी करावी. थर्माकोल तापलेल्या पत्र्याजवळ आकसतो, म्हणून तो मी टाळतो. पेटीचे तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे करावे. तिचा उतार तुमच्या ठिकाणच्या अक्षांशाइतका ठेवावा, पण विषुववृत्ताजवळ राहत असाल तरी तो १५-२० अंशांपेक्षा कमी करू नये, कारण त्याहून सपाट पेटीत गरम हवा वर चढायला कंटाळते.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. नव्या रंगाचा वास तापलेल्या हवेबरोबर थेट पानांत उतरतो आणि वाळलेले पान तो वास सोडत नाही. पत्रा रंगवल्यावर ड्रायर तीन-चार दिवस कडक उन्हात रिकामा चालवावा. पानांच्या पेटीत डोके घालून वास घ्यावा आणि काहीही जाणवले नाही, तरच पहिली पाने ठेवावीत. पानांच्या पेटीला आतून रंग मुळीच देऊ नये.

पानांच्या पेटीत १ मीटर बाय ६० सेंटिमीटरचे सहा ट्रे, एकावर एक, १२ ते १५ सेंटिमीटर अंतराने बसवावेत. ट्रेची चौकट लाकडी चालेल, पण जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त मिळते, पण ओल्या पानांचा रस तिला लागतो, म्हणून औषधासाठी ती नको. ट्रे आणि पेटीची भिंत यांच्यात फट राहिली तर हवा पाने सोडून त्या फटीतून निसटते. ती फट कापडी पट्टी लावून बंद करावी. ही गोष्ट लहान दिसते, पण मी पाहिलेल्या अनेक ड्रायरमध्ये अर्धी हवा अशीच वाया जात होती.

हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट प्रत्येकी १ मीटर रुंद आणि सुमारे १२ सेंटिमीटर उंच ठेवावी आणि दोन्ही ठिकाणी कीटक अडवणारी जाळी लावावी. जाळीची छिद्रे फार बारीक घेऊ नयेत, आणि दर आठवड्याला धूळ झाडावी. याचे कारण चिमणीच्या, म्हणजे गरम हवा वर नेऊन बाहेर सोडणाऱ्या उभ्या वाटेच्या, जोरात आहे. १ मीटर उंचीची चिमणी आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक असला, तर हवेला वर ढकलणारा दाब साधारण अर्धा पास्कल असतो. टेबलावर पडलेला लिहिण्याचा एक साधा कागद त्या टेबलावर याहून अधिक दाब देतो. एवढ्या नाजूक जोरावर हवेला सहा ट्रेमधून वर जायचे असते. पानांचा जाड थर, धुळीने बुजलेली जाळी किंवा चिमणीवर फार खाली बसवलेले टोपण, यांपैकी काहीही तो प्रवाह बंद पाडू शकते.

याच कारणासाठी, शक्य असेल तर, मी पंखा बसवायला सांगतो. १२ व्होल्टचे, १२ सेंटिमीटर रुंदीचे दोन डीसी पंखे आणि त्यांना पुरेल असे छोटे सौर पॅनेल घ्यावे, मध्ये बॅटरी नको. पॅनेल थेट पंख्याला जोडले की ऊन वाढते तसा पंखा जोरात फिरतो आणि तापमान हाताबाहेर जात नाही. ढग आला की पंखा मंदावतो आणि पेटी लगेच थंड पडत नाही. वेगळ्या नियंत्रकाशिवाय मिळणारा हा समतोल मला फार उपयोगी वाटतो. पंखे मी खालच्या, थंड हवेच्या तोंडाशी लावतो. वरच्या बाजूला लावले तर त्यांतून सतत ओलसर, तेलकट बाष्पाची हवा जाते आणि ते लवकर बिघडतात. पंख्यावर लिहिलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पानांच्या थरांतून ढकलताना तो बराच घटतो, म्हणून एकाऐवजी दोन.

आता तापमानाबद्दल. ओले पान गरम हवेत असले तरी स्वतः तितके गरम होत नाही, कारण बाष्पीभवन त्याला थंड ठेवते. ४५ अंशांच्या हवेतले ताजे पान सुरुवातीला बरेच थंड असते. पाणी संपत आले की हा बचाव संपतो आणि पानाचे तापमान हवेच्या तापमानाला येऊन मिळते. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत धोका उष्णतेचा नसतो, दिरंगाईचा असतो. पान ओले राहिले तर त्यातली विकरे (एन्झाइम) त्याला काळे करतात आणि बुरशीला वेळ मिळतो. शेवटच्या दोन तासांत मात्र धोका उलटतो, आणि तेव्हाच दुपारचे ऊन सर्वांत कडक असेल तर तेल उडते. म्हणून पाने सकाळी लवकर भरावीत, सुरुवातीला हवा भरपूर ठेवावी आणि शेवटी तापमान आवरावे. आवरण्यासाठी काचेच्या काही भागावर पांढरे कापड टाकावे, किंवा गरम हवा पानांच्या पेटीत शिरते तेथे बाहेरची हवा मिसळणारी एक झडप ठेवावी. थर्मामीटर नेहमी सर्वांत खालच्या ट्रेच्या खाली लावावा, कारण सर्वाधिक तापमान तेथे असते.

तुमच्या तिन्ही वनस्पतींना मी एकाच मापाने मोजणार नाही. तुळशीचे तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये असते, त्यामुळे ते उष्णतेने आणि हाताळणीनेही चटकन जाते. तिच्यासाठी मी ४० अंशांच्या वर जात नाही. वेळ लागला तरी चालेल, हवा वाढवावी. पुदिन्यालाही हेच लागू आहे. अडुळशाचे पान मोठे असते, त्याची मधली शीर जाड असते आणि त्याचे मोल सुगंधी तेलात नसते. त्याला ५० अंशांपर्यंत हवा चालते, मात्र पाने एकावर एक न चढवता एकेरी थरात ठेवावी लागतात. शेवग्याची पाने बारीक आणि पातळ असल्याने सर्वांत आधी वाळतात, आणि वाळताना देठापासून सुटून जाळीतून गळतात, म्हणून त्यांच्या ट्रेवर बारीक जाळी अंथरावी. तिन्ही पाने एका वेळी एकाच पेटीत ठेवू नयेत. तुळशीचा वास शेवग्याला लागतो, आणि वाळण्याचा वेळही जुळत नाही.

पाने भरण्यापूर्वीची तयारी अर्धे काम करते. दव सुकल्यावर, ऊन तापण्यापूर्वी तोडणी करावी. पाने धुतली असतील तर ती जाळीवर निथळून, पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच आत घ्यावीत. पानांवर राहिलेले अर्धा किलो पाणी म्हणजे ड्रायरवर पडलेला अर्ध्या किलोचा फुकट बोजा. पाने चिरू नयेत आणि चुरगळू नयेत. जिथे पान दुमडते किंवा चेपते तिथे आधी काळी रेघ उमटते, आणि वाळल्यावर ती तशीच राहते. थर दर चौरस मीटरला १ ते १.५ किलोपेक्षा अधिक नको.

खालचा ट्रे आधी वाळतो, कारण कोरडी हवा त्याला प्रथम भेटते. तो काढून घ्यावा, उरलेले ट्रे एकेक घर खाली सरकवावेत आणि नवी पाने घालायचीच असतील तर ती सर्वांत वर ठेवावीत. ओल्या पानांवरून आलेली हवा वाळत आलेल्या पानांना पुन्हा दमट करते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. संध्याकाळी पाने पूर्ण वाळली नसतील तर ऊन उतरताच हवेची दोन्ही तोंडे झाकावीत. रात्रीच्या दमट हवेतून वाळलेले पान भराभर ओलावा परत घेते.

पान वाळले की नाही, हे पात्याला हात लावून ठरवू नका. पाते चुरचुरीत वाटत असतानाही मधल्या शिरेत आणि देठात ओल लपलेली असते, आणि डबा बंद केल्यावर तीच ओल सगळीकडे पसरते. शीर वाकवून पाहावी. ती लवली तर परत ठेवावी, कट् करून तुटली तर काढावी. विक्रीसाठी किंवा दीर्घ साठवणीसाठी मी एवढ्यावर थांबत नाही. थोडी पाने एका घट्ट झाकणाच्या बरणीत छोट्या आर्द्रतामापकासह एक दिवस ठेवतो. आकडा ६० टक्क्यांच्या खाली स्थिरावला तर बुरशी वाढू शकत नाही. मी स्वतः ५० च्या आसपास आणतो. पाने गार झाल्यावरच डब्यात भरावीत, अन्यथा झाकणाच्या आतून पाणी सुटते. पुढे डबा अंधारात ठेवावा आणि पाने शक्यतो अख्खी ठेवून, वापरताना चुरावीत.

हे सारे तुमच्या हवामानावर अवलंबून आहे, आणि ती बाजू मी झाकून ठेवणार नाही. कोरड्या प्रदेशात वरचा ड्रायर एका दिवसात काम संपवेल. पावसाळी दमट हवेतही, ऊन असेल तोवर, तो चालतो. २७ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ४२ अंशांपर्यंत तापली तर ३९ टक्क्यांवर येते. पण ऊन नसेल, तर ड्रायर फक्त एक बंद पेटी उरते. सलग ढगाळ दिवस येणाऱ्या ठिकाणी विजेच्या छोट्या हीटरची सोय ठेवावी, किंवा त्या दिवसांत तोडणीच करू नये. पेटीत दगड किंवा पाण्याचे डबे ठेवून उष्णता साठवण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. त्याने संध्याकाळची थोडी उष्णता मिळते, पण तेच दगड सकाळी पेटी तापायला उशीर लावतात, आणि पानांसाठी सकाळचे तास मला अधिक मोलाचे वाटतात. लाकूड जाळून तापवलेली हवा पानांवर थेट सोडू नये. धूर औषधात जाता कामा नये.

पहिली खेप ५ किलोची घालू नका. शेवग्याची १ किलो पाने घ्या, कारण चूक झाली तर ते पान सर्वाधिक सांभाळून घेते. दोन ट्रेवर ती पसरा आणि दर तासाला प्रत्येक ट्रेचे वजन, खालच्या ट्रेखालचे तापमान आणि चिमणीच्या तोंडाशी येणाऱ्या हवेची आर्द्रता लिहून ठेवा. चिमणीतून बाहेर पडणारी हवा सुरुवातीला बरीच दमट असली आणि तासागणिक कोरडी होत गेली, तर हवा पानांतून जाते आहे. ती पहिल्या तासापासूनच कोरडी असेल, तर आधी ट्रेच्या कडेच्या फटी तपासा.